कातरण

सेंट लॉरेन्स आमच्यापाशी इतकी रुंद होती
की पलीकडचा काठ कडाक्याच्या थंडीतच दिसायचा.
घर चार मजल्यांचं. घरच म्हणायचो, दुसरा शब्द नव्हता.
एकशे बारा खिडक्या.
मी मोजल्यात. पुसल्यातही.

माझा नंबर त्रेसष्ट.
मोज्यांवर, रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर लाल दोऱ्यानं भरलेला,
आणि मीच भरलेला, कारण माझा टाका बारीक.
नावानं हाक मारायची ती एकटी सिस्टर सेंत-लेओन्स, भट्टीवाली.
आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणायची.
पिठाचं माप मात्र तिचं कधी चुकलं नाही.

गुरुवारी ती मिस्साच्या ओस्त्या भाजायची.
पीठ आणि पाणी, बस्स. मीठसुद्धा नाही.
लोखंडी चिमट्याच्या पाटीवर कोकरू कोरलेलं,
पळीभर पीठ पडलं की चर्र,
आणि कागदाएवढा पातळ पांढरा पापुद्रा.
मग साच्यानं गोल गोल कापायचं.
गोल ते येशूचे.
गोलांच्या मधलं उरेल ते आमचं.

कातरण. टोकदार, वेडंवाकडं,
एखाद्यावर कोकराचा एकच पाय आलेला.
चव नव्हतीच त्याला. पण कुरकुरायचं,
आणि आठवडाभर आमच्या तोंडात दुसरं काही कुरकुरत नसे.
फ्लोरिदानं एकदा विचारलं, यात देव असतो का?
फादरनी शब्द उच्चारल्याशिवाय नाही, सिस्टर म्हणाली.
आणि चुकून थोडा सांडला असेल तर?
सिस्टर हसली,
मग हसल्याबद्दल तिनं छातीवर क्रूस केला.

चॅपलमध्ये मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे.
मान वळवायची नाही.
वळवली की मागून लाकडी फळ्या वाजायच्या: टक्.
उजवीकडे माझा भाऊ होता. ओविला. साडेपाच वर्षांचा.
अकरा महिने मी त्याचा चेहरा पाहिला नाही,
खोकला ऐकला.
कोरडा, दोनदा, मग थांबून एकदा.
सगळ्यांचं लॅटिन चालू असताना मी तेवढा खोकला शोधायची.
सापडला की आमेन.

मुलांचे कपडे आम्हीच धुवायचो.
एकशे अठराच्या मोज्याची गुंडाळी करताना
मी आत कातरण घालायची, बोटाएवढं, दर शनिवारी.
उत्तर काय येणार? मळका मोजा यायचा.
तळाशी थोडा चुरा.

ईस्टरनंतरच्या रविवारी खोकला नव्हता.
पुढच्याही.
शेतावर नेलंय त्याला, सिस्टर सेंत-लेओन्स पीठ ढवळत म्हणाली,
माणसं बरी आहेत, गाई आहेत.
माझ्याकडे न बघता तिनं त्या दिवशी
एक अख्खी गोल ओस्ती मोडून कातरणात टाकली.

एकशे अठराचे मोजे येतच राहिले.
नंबर रिकामा ठेवत नसत.
पाय जरा मोठा होता, टाच लवकर फाटायची.
मी रफू केलं. आणि कातरण घातलं,
का ते मलाही सांगता आलं नसतं.

एकेचाळीस वर्षांनी ओविलाच्या स्वयंपाकघरात बसले होते.
त्याचे हात फावड्यासारखे. खोकला गेलेला.
मी मोज्यांची गोष्ट काढली.
तो बराच वेळ आठवत राहिला.
अगं हो, म्हणाला, काहीतरी टोचायचं खरं.
मी झटकून टाकायचो.

आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.
त्याच्या बायकोनं कॉफी आणली, बर्फाचा विषय निघाला.

परतीच्या बसमध्ये मला तो दुसरा आठवला,
ज्याचं नाव मी कधी विचारलं नाही,
ज्याचा मोजा दर आठवड्याला
उलटा करून परत यायचा,
आतून स्वच्छ,
एक कणसुद्धा नाही.